जुन्या सायकलचं गंजलेलं क्रोम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिन्याखालून किंवा गोठ्यातून जुनी सायकल बाहेर निघाली की माणूस आधी पायडल फिरवून बघतो आणि मग हँडलवरून बोट फिरवतो. बोट तपकिरी झालं की मला फोन येतो. मी काही मेकॅनिक नाही. रविवारी गॅलरीत पोतं पसरून जुन्या सायकली उघडून बसायची खोड आहे, एवढंच. पण त्याच त्या शंका इतक्या जणांनी विचारल्यात की आता एकदाच लिहून ठेवतो. बोलणं आहे ते मुख्यतः आपल्याकडच्या काळ्या, सळईच्या ब्रेकवाल्या, २८ इंची चाकांच्या सायकलींबद्दल. म्हणजे हर्क्युलिस, रॅले, ॲटलस, हीरो, फिलिप्स वगैरे.

हँडल पूर्ण तपकिरी झालंय. क्रोम गेलं ना?

बहुतेक वेळा गेलेलं नसतं. वरून दिसतो तो गंजाचा थर आणि खाली क्रोम शाबूत असतं, असं मी दहातल्या सात-आठ हँडलांवर तरी बघितलंय. खात्री करायची असेल तर हँडलच्या खालच्या बाजूला, जिथे सहसा नजर जात नाही, तिथे अंगठ्याएवढी जागा निवडा. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून तिथे अर्धा मिनिट घासा आणि पुसा. निळसर चमक आली तर तुमचं काम एका दुपारचं आहे. काळपट, खडबडीत लोखंड दिसलं तर त्या जागेचं क्रोम संपलं. ते घासून परत येणार नाही. कुठलंही औषध लावा, येणार नाही.

हे आधीच सांगतो, कारण निम्म्या लोकांचा समज असा असतो की पॉलिश म्हणजे काहीतरी वर चढवणं. आपण फक्त वरची घाण काढतो. खाली जे असेल तेच दिसणार.

क्रोम गंजत नाही म्हणतात. मग हा गंज आला कुठून?

क्रोम खरंच गंजत नाही. गंजतं ते त्याखालचं लोखंड.

सायकलच्या चकचकीत भागावर साधारणपणे दोन-तीन थर असतात. लोखंडावर कधी तांबं, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. संरक्षणाचं खरं काम निकेल करतं. क्रोमचं काम निळसर झळाळी देणं आणि निकेलला काळवंडू न देणं. हा क्रोमचा थर किती जाड असतो? अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमी. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) माणसाचा केस ६०-७० मायक्रॉनचा धरला तर केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा पापुद्रा तुम्ही हातात धरून बसला आहात. निकेल दहा-वीस मायक्रॉनचं असतं, तेही दुकानदाराने हात आखडता घेतला नसेल तर.

या थरांना बारीक छिद्रं आणि चिरा असतातच. त्यांतून पावसाचं पाणी, घाम, खारी हवा आत उतरते, खालचं लोखंड गंजतं आणि तो गंज त्याच छिद्रांतून वर येऊन पसरतो. कौल फुटलं एका जागी आणि ओल आली सगळ्या भिंतीला, तसला प्रकार. म्हणून छिद्र मोहरीएवढंही नसतं आणि डाग रुपयाएवढा दिसतो.

दुकानदार ‘निकल’ म्हणतो, तुम्ही क्रोम म्हणता. माझ्या सायकलवर आहे तरी काय?

आपल्याकडे रस्त्यावर कुठल्याही चकचकीत मुलाम्याला निकलच म्हणतात, त्यामुळे दुकानदाराशी वाद घालू नका. ओळख रंगावरून होते. ट्यूबलाइटखाली धरल्यावर निळसर, गार चमक दिसली तर क्रोम. किंचित पिवळसर, उबदार, चांदीच्या जुन्या भांड्यासारखी दिसली तर निकेल. बाजारात क्रोम रुळलं ते १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यामुळे १९३०च्या आधीची सायकल हाती लागली असेल तर तिच्यावर बहुधा निकेलच असणार, आणि ते पुष्कळ मऊ असल्याने हात हलका ठेवायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये बनलेल्या सायकलींचे पुष्कळसे भाग मुळातच काळे रंगवलेले असत. त्यांचं क्रोम कुणी चोरलेलं नाही.

मळकट राखाडी रंग असेल तर जस्त. आणि बोटाला चंदेरी भुकटी लागली तर मधल्या कुणीतरी गंजलेल्या रिमवर चांदी रंग मारलाय. ही आपल्याकडची आवडती युक्ती. रंग टर्पेंटाइनने किंवा थिनरने काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळणार नाही. लोहचुंबकाने क्रोम ओळखता येत नाही. चुंबक खालच्या लोखंडालाच चिकटतो.

सुरुवात कशाने करू?

साबणाच्या पाण्याने. हसू नका. तपकिरी दिसतं त्यातलं बरंचसं गंज नसतंच. चेनचं तेल उडालेलं असतं, त्यावर धूळ बसलेली, आणि वर्षानुवर्षं ते भाजून लाखेसारखं कडक झालेलं. भांडी घासायचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश. त्याने न निघालेला चिकटा रॉकेलने पुसायचा. रॉकेल हल्ली मिळत नाही, तर थोडं डिझेल किंवा टर्पेंटाइन चालतं, मोकळ्या हवेत आणि बिडी-काडीपासून लांब. चामड्याची सीट आधी काढून ठेवा. चामड्यावर रॉकेल पडलं की सीट कामातून जाते.

फॉइलची युक्ती खरंच चालते का? नीट सांगा.

चालते. कसल्याही महागड्या पेस्टच्या आधी हीच करून बघा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ असतं, त्यामुळे ते क्रोमवर ओरखडे काढत नाही. गंजावर मात्र घासलं जाऊन स्वतः झिजतं, आणि पाण्यात त्याची काळसर पेस्ट होते. हीच पेस्ट पुढचं काम करते.

पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा चार बोटं लांब-रुंद तुकडा फाडा. गच्च बोळा करू नका, सैलसर चुरगळा. म्हणजे तो हँडलच्या गोलाईवर बसतो. वाटीत साधं पाणी घ्या. काहीजण व्हिनेगर किंवा थंड पेयही घेतात आणि त्यातल्या आम्लाने थोडा वेग येतो, पण पाणी पुरतं. एका वेळी वीतभर लांबीच घ्यायची. जोर न लावता, लहान-लहान गोल फिरवत घासायचं. पहिल्या काही सेकंदांत हाताला किरकिर जाणवते, वाळू असलेल्या काचेवरून बोट फिरवावं तशी. मग पाणी तपकिरी होतं, नंतर राखाडी आणि शेवटी काळं. किरकिर थांबते आणि बोळा सरसर फिरायला लागतो. तिथे थांबायचं. ही जाणीव फार महत्त्वाची आहे. डोळ्यांना काळ्या चिखलाखाली काही दिसत नसतं, काम झालं हे हातालाच कळतं.

जुन्या बनियनच्या तुकड्याने लगेच पुसा. तो चिखल वाळू दिला तर पुन्हा ओलं करून काढावा लागतो. फॉइलचा पृष्ठभाग गुळगुळीत झाला की तुकडा बदला. एका हँडलला माझे आठ-दहा तुकडे जातात. वाकलेल्या जागी, ब्रेकच्या सळईच्या मागे, क्लॅम्पच्या कडेला बोट पोचत नाही, तिथे फॉइल आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून घ्यायची.

सगळं झाल्यावर कोरडं करून ब्रासो किंवा ऑटोसोलसारखी धातूची पॉलिश एकदा, एकदाच, हलक्या हाताने. त्यात बारीक घासणारे कण असतात. दर महिन्याला हौसेने लावत बसलात तर वर सांगितलेला अर्धा मायक्रॉन किती दिवस टिकेल, तुम्हीच हिशोब करा.

तारेची घासणी, पॉलिश पेपर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश?

भांड्यांची तारेची घासणी नको. पॉलिश पेपर तर बिलकूल नको, ‘पाण्याचा बारीक पेपर आहे’ म्हणालात तरी. उन्हात सायकल फिरवली की एकाच दिशेने गेलेले हजारो ओरखडे दिसतात आणि प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याला आत जायला नवी वाट. चार शून्य नंबरची अतिबारीक स्टीलवूल मिळाली तर ती तेलासोबत वापरता येते, हट्टी डागांपुरती. पितळी तारांची मऊ घासणी त्याहून बरी. ड्रिलचा ब्रश फक्त त्या जागी, जिथे क्रोम उडून लोखंड उघडं पडलंय आणि तुम्ही रंग मारणार आहात.

आजी चिंच आणि राखेने भांडी लख्ख करायची. ते चालेल?

आजीची भांडी पितळेची आणि तांब्याची होती. चिंच, लिंबू, पितांबरी ही सगळी त्या धातूंची औषधं. क्रोमवरचा हलका गंज चिंचेच्या कोळाने थोडाफार सुटतो, त्यातल्या आम्लामुळे, पण चिंचेचा चिकटा स्पोकच्या भोकात अडकला तर मुंग्या लागतात. अनुभव आहे. चुलीची चाळलेली राख ठीक. विटेची पूड आणि रांगोळी नको, त्यांत वाळूसारखे कडक कण असतात.

संडास साफ करायच्या ॲसिडने एका मिनिटात गंज जातो, असं व्हिडिओत बघितलं.

गंज जातो हे खरं. क्रोमही जातं. त्या बाटल्यांमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ज्या थोड्या ॲसिडांत क्रोम चटकन विरघळतं त्यांतलं ते एक. क्रोम करणारे कारखाने जुना मुलामा उतरवायला तेच वापरतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात वडिलांच्या सायकलच्या मागच्या रिमवर ते ओतलं, फेस येताना बघून खूश झालो, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून आत गेलो. वीस मिनिटांनी परत आलो तर रिमवर नकाशे उठले होते. मधे पिवळसर निकेल, कडेला काळं लोखंड, आणि जिथे कालपर्यंत चांगलं होतं तिथलंही गेलेलं. शिक्षा तेवढ्यावर संपली नाही. ती रिम मी रात्रभर हत्यारांच्या कपाटाशेजारी टेकवून ठेवली होती. सकाळी कपाटातले पाने, पक्कड, कानशी, सगळ्यांवर नारिंगी गंजाची साय. ॲसिडची वाफ बंद खोलीत फिरली की लोखंडाला सोडत नाही. ती रिम आजही ठेवलीय. कुणी ॲसिडचं नाव काढलं की दाखवतो.

शिवाय ते ब्लीचिंगच्या कुठल्याही द्रावणात मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. सायकलीसाठी एवढी जोखीम कुणी घेऊ नये.

मग अख्खी रिम भिजवायची तर कशात?

लिंबूसत्त्वात, म्हणजे सायट्रिक ॲसिडमध्ये. किराणा दुकानात पांढरे खडे मिळतात, किलोवर घेतलं तर स्वस्त पडतं. प्रमाण एक लिटर कोमट पाण्याला पन्नास ग्रॅम.

अडचण रिमच्या आकाराची. २८ इंची रिमचा व्यास पासष्ट सेंटीमीटरच्या आसपास असतो, एवढा टब घरात नसतो. मी गच्चीवर विटांची दोन वर्तुळं मांडतो, बाहेरचं रिमपेक्षा थोडं मोठं आणि आतलं रिमपेक्षा लहान. त्यांच्यामधल्या चरात जाड प्लास्टिक अंथरलं की कंकणाच्या आकाराचं तळं तयार. रिम त्यात आडवी बसते. मधली जागा विटांनी खाल्ल्यामुळे बारा-तेरा लिटर पाण्यात भागतं, म्हणजे साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व. नाहीतर चाळीसेक लिटर लागतात.

दर अर्ध्या तासाने उलटवून जुन्या टूथब्रशने घासत राहा. हलका गंज दोन तासांत सुटतो, जाड असेल तर पाच-सहा. रात्रभर विसरू नका, कारण गंज संपल्यावर आम्ल उघड्या लोखंडाकडे वळतं आणि ते काळं पडतं. बाहेर काढल्यावर भरपूर पाणी, मग खायच्या सोड्याच्या पाण्याचा हात, पुन्हा साधं पाणी, आणि लगेच कोरडं. लगेच म्हणजे लगेच. चहा प्यायला गेलात तर उघड्या लोखंडावर पिवळी झाक धरलेली असेल. पुसून उन्हात तापवा आणि कोमट असतानाच शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवा.

रंगवलेले भाग, स्टिकर असलेले भाग आणि ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात घालायचे नाहीत. काळ्या रंगावर सोनेरी रेघा असलेलं मडगार्ड तर मुळीच नाही. त्या रेघा पुन्हा ओढणारा हात आता सहज सापडत नाही.

ऑक्झॅलिक ॲसिड जास्त चांगलं, असं परदेशातले लोक म्हणतात.

गंज काढायला चांगलं आहे. पण ते विषारी आहे, पोटात गेलं तर मूत्रपिंडावर घाव घालतं, आणि भुकटी श्वासात जाता कामा नये. घरात लहान मुलं, मांजर, कुंड्या असताना मी ते वापरत नाही. तेवढ्यासाठी दोन तास जास्त लागले तर लागू देत.

तारा, म्हणजे स्पोक, घासून पण चमकत नाहीत.

कारण जुन्या सायकलींच्या पुष्कळ तारांवर क्रोम नव्हतंच, जस्त होतं. ते मुळातच राखाडी. लिंबूसत्त्वात बुडवलं तर जस्त विरघळून जाईल आणि पुढच्या पावसात तारा लाल होतील. म्हणून भिजवायच्या आधी चाक उघडायचं. पुढे ३२ आणि मागे ४० तारा, प्रत्येकीचं निप्पल, म्हणजे तारेला रिमशी धरून ठेवणारं बारीक नट, सोडवायचं आणि नंतर चाक पुन्हा बांधून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा. ते काम ज्याला येतं त्या दुकानदारालाच द्या. असा माणूस गावात उरला असेल तर त्याच्याशी गोड राहा. चाक उघडायचं नसेल तर तारांना तेलाची चिंधी एकेक करून ओढायची आणि रिम फॉइलने घासायची. कंटाळवाणं आहे, बहात्तर वेळा तेच.

रिम घासताना आणखी काय बघायचं?

आतली बाजू. टायर-ट्यूब उतरवून रिम टेप काढा. बाहेरून आरशासारखी रिम आतून पापुद्रे सुटलेली असते, कारण मुलामा आतल्या खोबणीत धड पोचत नाही आणि तारांच्या भोकांतून शिरलेलं पाणी तिथेच साचतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. टोक रुतलं किंवा भोकाभोवती चीर दिसली तर ती रिम भिंतीवर टांगायची, चालवायची नाही. हँडलचंही तसंच. रबरी मुठींच्या आत घाम मुरलेला असतो. मुठी काढून टोकं तपासा, आणि मधल्या क्लॅम्पजवळ चीर आहे का ते बोटाने चाचपून बघा. चढावर उभं राहून पायडल मारताना हँडल तुटलं तर क्रोमचा विचार कुणी करत नाही.

आणि ब्रेकची बाजू. सळईच्या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या बाजूने, खालून वर घासतात. तिथलं क्रोम झिजलेलं असणारच, ते वापराचं चिन्ह आहे. त्या पट्ट्यावर वॅक्स, तेल, पॉलिश काहीही राहू देऊ नका. ओल्या क्रोमवर हे ब्रेक तसेही लागल्यासारखे लागत नाहीत. तेल लावल्यावर तर देवाचं नाव घ्यायचं.

सगळं निघालं, पण काळे ठिपके राहिले.

ते खड्डे आहेत. गंजाने तिथून निकेल आणि थोडं लोखंड खाल्लंय. आणखी घासून खड्डा भरत नाही, आजूबाजूचं चांगलं क्रोम मात्र कमी होतं. दाताच्या काडीने आतला गंज उकरा, कोरडं करा, वॅक्स भरा. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत, आणि सायकल कुणी भिंगातून बघत नाही. बघणारे असतात थोडे. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

क्रोमचे पापुद्रे सुटलेत. चिकटवता येतात?

नाही. आणि बोटाने सोलू नका, तो पापुद्रा ब्लेडसारखा असतो, नखाखाली शिरला की कळतं. जाड हातमोजे घालून, जेवढं सैल आहे तेवढंच पक्कडीने काढा.

पुन्हा क्रोम करून घ्यावं का?

सायकल स्वतःची असेल, आठवणीची असेल आणि खड्डे फार असतील तर करा. पण आधी डोकं थंड ठेवून विचार करा. २८ इंची नव्या रिमा आपल्याकडे अजून बनतात आणि मिळतात, त्यामुळे साध्या रिमसाठी क्रोमवाल्याच्या दारात जायची गरज नसते. क्रोम करायचं ते बदली न मिळणाऱ्या वस्तूंना. हँडल, ब्रेकच्या सळया, रॅलेच्या पायडलजवळचं ते बगळ्याची डोकी कोरलेलं दातेरी चाक.

चांगला प्लेटिंगवाला शोधायचा तर जुन्या बुलेट दुरुस्त करणाऱ्यांना विचारा. पुण्याजवळच्या भोसरीत कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्याच्याकडे गेल्यावर किंमत सगळ्यात शेवटी विचारायची. आधी विचारा, तांबं देता का, निकेल किती वेळ ठेवता. जो ‘एकदम चकाचक होईल, साहेब’ एवढंच म्हणतो, त्याने निकेल वाचवलेलं असतं. घरी आणल्यावर सायकल दिमाखात दिसते आणि पुढच्या गणपतीत हँडलवर लाल ठिपके येतात.

दुसरं म्हणजे बफ. मुलाम्याच्या आधी खड्डे घालवायला फिरत्या चाकावर लोखंड घासतात, त्यालाच बफ मारणं म्हणतात. बफवाला मन लावून काम करतो आणि त्यात कंपनीची कोरलेली अक्षरं पुसून टाकतो. स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीच्या तीन गिअरच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, साल आणि महिन्याचे आकडे ठोकलेले असतात. ते गेले की सायकलचा जन्मदाखलाच गेला. अशा जागेवर मी पांढऱ्या खडूने खूण करतो, शिवाय माणसाला बोट लावून दाखवतो. चिठ्ठी लिहून उपयोग नसतो.

सीटच्या स्प्रिंगा देऊ नका. कडक पोलाद ॲसिडच्या टाकीत ठिसूळ होऊ शकतं आणि स्प्रिंग नंतर मटकन तुटते. आणि सगळे भाग मोजून, फोटो काढून, तारेत ओवून द्या. सुटे वॉशर तिकडून परत येत नाहीत.

घरी क्रोम करायचे संच विकत मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या टाकीत सहसा हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं. ते कर्करोग करणारं आहे, आणि उरलेलं पाणी मोरीत ओतलं की ते पुढे कुणाच्या तरी विहिरीत जातं.

क्रोम स्प्रे मारला तर?

तो चांदी रंगच. डब्यावरचं झाकण जेवढं चमकतं तेवढं हँडल चमकणार नाही, आणि हाताला लागत राहील.

घंटी आणि हेडलाइट कसे साफ करू?

घंटीची वाटी काढून आतून-बाहेरून फॉइल किंवा पॉलिश. चुंबक चिकटला नाही आणि झिजलेल्या जागी पिवळं दिसतंय, तर खाली पितळ आहे. अशी घंटी सांभाळा, तिचा नाद लोखंडी वाटीला येत नाही. आतल्या दातेरी चाकाला तेलाचा एक थेंब.

हेडलाइटचं बाहेरचं कवच घासा, पण आतल्या आरशाला हात लावू नका. त्यावरचा थर क्रोमपेक्षाही नाजूक असतो. मी एकदा ओल्या कापसाने पुसायला गेलो आणि कापूस चंदेरी झाला. फुंकर मारायची, जास्तीत जास्त कोरडा मऊ ब्रश.

पावसाळ्यात पुन्हा गंजणार. टिकवायचं कसं?

गाडीचं साधं वॅक्स, वर्षातून दोनदा. एकदा मे अखेरीस, पावसाच्या आधी. एकदा दसऱ्याच्या सुमारास. पातळ लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, कोरड्या कापडाने पुसायचं. खोबरेल तेलाने चार दिवस छान दिसतं, मग त्यावर धूळ बसून खरपूस थर होतो. कोकणात, गोव्यात, समुद्राच्या वाऱ्यावर सायकल राहत असेल तर वॅक्सवर भागत नाही. खाऱ्या हवेतला क्षार छिद्र शोधतोच. तिथे जून ते सप्टेंबर व्हॅसलिनचा पातळ हात देऊन ठेवा आणि आठवड्याला ओल्या फडक्याने मीठ पुसा. दिसायला चिकट, पण चार महिने कुणाला दाखवायचीय?

प्लास्टिकने झाकू नका. आत दमट हवा कोंडते आणि सकाळी हँडलला घाम फुटलेला असतो. जुनी सुती चादर बरी.

एक गोष्ट खंडेनवमीची. सायकल धुवायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, सगळं करावं. पण ती माळ दिवाळीपर्यंत हँडलवर तशीच असते. ओला दोरा जिथे टेकतो तिथे बरोबर दोऱ्याच्या जाडीची गंजाची रेघ उठते. मला आजवर सात-आठ हँडलांवर ती सापडलीय. दुसऱ्या दिवशी माळ काढा, पुसा, बास.

एवढं करून नव्यासारखी दिसेल का?

नव्यासारखी दिसावी असं मला तरी वाटत नाही. उजव्या मुठीशेजारी पन्नास वर्षं एकाच माणसाच्या हाताने झिजलेला पट्टा असेल तर मी तो तसाच ठेवतो. पण सायकल तुमची आहे. लग्नाच्या फोटोत ठेवायचीय म्हणालात तर चकचकीत करा. मी येऊन घंटी लावून देईन.

पुढे नगरपालिकेचा सायकल टॅक्सचा बिल्ला आहे. तोही घासू?

पितळी असेल तर चिंचेने दोन मिनिटांत लख्ख होईल, ॲल्युमिनियमचा असेल तर साबणपाणी पुरे. मी मात्र त्यावरचे आकडे आधी वाचतो. साल आणि नंबर उठावाचे असतात आणि घासून लवकर सपाट होतात. वाचता येत नसतील तर बिल्ल्यावर पातळ कागद धरा, पेन्सिल आडवी करून हलकी फिरवा. आकडे कागदावर येतील. मग घासायचं की नाही ते ठरवा.